हिरवा ठिपका

कासारवाडी
१० जानेवारी २०२५

सुमनआत्या,

इथूनच पाया पडते. फोन न करता पत्र का, म्हणून तू चष्मा पुसत असशील. अगं, तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी घसा फोडून ओरडायचं आणि तू तिकडून म्हणायचं, "रेंज नाही वाटतं." रेंज असते आत्या, कान नसतात. मागच्या वेळी सिदूला दात आला एवढंच तुला सांगितलं, तर समोरच्या सुभद्राबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "कितवा?" सगळंच काही मजल्याला ऐकवण्यासारखं नसतं.

आमचं ठीक चाललंय. रविराजची नाइट शिफ्ट, माझी फर्स्ट. मी पावणेसहाला नाशिक फाट्यावर चाकणची कंपनी बस पकडायला धावते, तो आठला घरी येऊन झोपतो. नवरा-बायको आम्ही रविवारपुरते. मुलं खाली नजमुन्निसाभाभीकडे असतात. तळमजल्यावर राहते, तिच्या नवऱ्याचं, फारूकभाईंचं रस्त्यालाच दुचाकींचं गॅरेज आहे. ती आमच्या आमू-सिदूला धरून पाच मुलं सांभाळते. आमू तिला नजमाखाला म्हणते.

मंगळवारी आमू पडली. नजमाभाभीकडे, जिन्यावरून. भुवईवर खोक पडली, दोन टाके घातले. काळजी करू नकोस, डोळा वाचला.

तेव्हापासून ती फार बोलत नाही. एवढी बडबडी पोर, आता विचारलं तेवढंच सांगते. तुझ्या बालवाडीत अशी मुलं आली असतील ना? काय करायचीस गं तू?

माझं म्हणशील तर दिवाळीत सिदूला तापात झटका आला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बसमध्ये बसलं की छाती धडधडते. गॅस बंद केला का, सिदूच्या कपाळाला हात लावून बघितला का. एकदा तर भोसरीला उतरून रिक्षानं परत आले. गॅस बंदच होता. आमच्या लाइन लीडर रुपाली मॅडम चारचौघींत म्हणाल्या, "वर्षाली, गॅसलाच कामावर घेऊन येत जा." सगळ्या हसल्या, मीही हसले. जाऊ दे, सगळ्याच आयांना होतं असं.

आमूबद्दल तेवढं लवकर कळव.

वर्षाली


रेणापूर
१८ जानेवारी २०२५

वर्षाली बाळा,

आशीर्वाद घे, आणि शिव्याही घे. कानांबद्दलचं तुझं वाक्य मी शेजारच्या सावित्रीबाईला वाचून दाखवलं. ती हसली. ऐकू आलं नाही, पण दात दिसले.

आता हसणं पुरे. लेकराच्या भुवईवर टाके पडतात आणि तू "डोळा वाचला" म्हणून एका ओळीत उरकतेस? पाच लेकरं आणि एक बाई! तिचं लक्ष कुठं होतं? तीस वर्षं बालवाडी चालवली मी, चाळीस-चाळीस लेकरं सांभाळली, पण एकालाही टाका पडू दिला नाही. तू विचारलंस का तिला? नसशीलच विचारलं. तू लहानपणापासून मूग गिळून बसणारी. म्हणून मी रविराजला वेगळं पत्र टाकलंय. त्याला म्हटलं, बाप आहेस, खाली जाऊन जाब विचार.

लेकरू गप्प झालं तर त्याला खोदून खोदून विचारू नये. शेजारी बसून शेंगा फोडाव्यात. त्याच्याही पुढ्यात मूठभर ठेवाव्यात. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं. एक दिवस नाही, दहा दिवस बस.

आणि ते गॅसचं. सगळ्याच आयांना असं होत नाही, वर्षाली. भोसरीला उतरून कुणी परत येत नाही. मला नीट सगळं लिही.

आत्या


कासारवाडी
२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

रविराजला का लिहिलंस गं?

तुझं पत्र वाचून तो तसाच खाली गेला. मी मागून थांब थांब म्हणतेय, पण ऐकतोय कुठला. नजमाभाभीच्या दारात उभं राहून बोलू नये ते बोलला. तिच्या धर्मावरूनही एक वाक्य बोलला, ते मी इथं लिहिणार नाही. फारूकभाई गॅरेजमधून आले, हाताला काळं ऑइल तसंच. म्हणाले, "रविराजभाऊ, आवाज खाली घ्या. आत मुलं झोपलीत." बस्स एवढंच.

नजमाभाभी म्हणाली, "आमू त्या दिवशी माझ्याकडे आलीच नाही." रविराजला वाटलं, आता ही हात झटकतेय. त्यानं आमूला हाक मारली. सगळ्यांसमोर विचारलं, "कुठं पडलीस गं?" आमू हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "मी जिन्यावरून पडले. नजमाखालाकडे."

नजमाभाभीनं आमूकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन सिदूची बाटली, तापाचं औषध आणि दोघांचे जादा कपडे घेऊन आली. धुऊन, घडी घालून ठेवले होते.

आता मुलं सकाळी सुभद्राबाईंकडे असतात, रविराज आला की घरी. वरच्या मजल्यावरच्या दोघींनीही आपली मुलं नजमाभाभीकडून काढून घेतली. आता तिच्याकडे एकच मूल आहे. मी जिना उतरताना तिच्या दारासमोर आले की मोबाईल काढून बघत चालते. त्यात काही नसतं.

तू माझ्या भल्यासाठीच लिहिलंस, कळतं मला. पण यापुढे रविराजला काही लिहू नकोस. आमू अजून तशीच आहे. शेंगा फोडते, बोलत नाही.

वर्षाली


रेणापूर
११ फेब्रुवारी २०२५

वर्षाली,

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलेय. कान गेले, डोळे शाबूत आहेत.

पाच वर्षांचं लेकरू पडतं तेव्हा ते दर वेळी नवं सांगतं. आज मांजर मध्ये आलं म्हणेल, उद्या म्हणेल चप्पल निसटली, परवा कुणीतरी ढकललं. तुझी आमू दोन वाक्यं सांगते, हात मागे बांधून. हात मागे बांधून लेकरं काय म्हणतात ते मला विचार. कविता म्हणतात. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांपुढे. आमूला हे कुणीतरी पाठ करून दिलंय.

आणि ज्या बाईनं एवढं ऐकून घेतलं, ती कपड्यांच्या घड्या घालून परत करते. खोटं बोलणारी बाई आधी भांडली असती.

मी वेडी. न बघता पत्र टाकून बसले.

आता मला खरं सांग. रविराजचा हात उठतो का? दारू प्यायला लागला का? तुझ्यावरही उठतो का? तू "यापुढे त्याला लिहू नकोस" म्हणतेस, ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. घाबरू नकोस. नुसतं हो म्हण, मी आणि तुझा भाऊ पहिल्या एसटीनं निघतो. त्याच्या कंपनीच्या गेटवर उभी राहून त्याची अब्रू काढते की नाही बघ.

आत्या


कासारवाडी
१९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

रविराजनं नाही. त्यानं आमूला कधी बोटही लावलेलं नाही. तू येऊ नकोस, कंपनीत जाऊ नकोस, हात जोडते.

मी मारलं.

हे दोन शब्द लिहायला तीन कागद फाडले. आणखी एका निरपराध माणसावर आळ येतोय म्हणून लिहितेय, नाहीतर कदाचित लिहिलंही नसतं. अशी आहे तुझी भाची.

माझं काम तुला माहीत नाही. गाड्यांच्या वायरींचे जुडगे आमच्याकडे बनतात, मी शेवटच्या तपासणीला असते. प्रत्येक वायर ओढून बघायची, पक्की असली की प्लगवर मार्करनं हिरवा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे वर्षालीनं बघितलंय. ठिपका नाही म्हणजे कुणीच बघितलेलं नाही. दिवाळीनंतर मला घरी काही आठवेनासं झालं. गॅस बंद करायचे आणि जिन्यात येईपर्यंत विसरायचे. परत वर, परत खाली. मग एक दिवस कंपनीतला मार्कर पर्समध्ये टाकून घरी आणला. चोरून, हो. गॅसचं बटण बघितलं की त्यावर ठिपका. खिडकीची कडी बघितली की ठिपका. सिदूचं अंग गार लागलं की त्याच्या टाचेवर ठिपका. संध्याकाळी ओल्या फडक्यानं सगळे पुसायचे, सकाळी नव्यानं. बसमध्ये धडधड झाली की डोळ्यांसमोर ठिपका आणायचा. चालत होतं गं. मी आमूच्या अंगठ्यावरही एक द्यायचे. ती हात पुढं करून म्हणायची, "आई, मला चेक कर."

त्या मंगळवारी मी अंघोळ करून बाहेर आले. आमू स्टुलावर उभी, हातात मार्कर. गॅसच्या बटणावर ठिपका, सिलेंडरवर ठिपका, खिडकीवर, दारावर, पिंपावर, सिदूच्या दोन्ही टाचांवर. पहाटे उठून एकटीनं केलं सगळं. म्हणाली, "आई, मी सगळं चेक केलं. आता तू रडू नको. तू बसला पळ."

मी रडते हे तिला ठाऊक होतं, आत्या. मला वाटायचं, बाथरूमचा नळ सोडला की कळत नाही.

आणि मला काय दिसलं? यातला एकही ठिपका माझा नाही. म्हणजे कशाचाच भरवसा नाही, सगळं पहिल्यापासून बघायचं आणि बसला आठ मिनिटं. माझा हात उठला. जोरात उठला. ती स्टुलावरून ओट्याच्या कडेवर आदळली.

सिदूला कडेवर घेतलं, तिच्या कपाळाला ओढणी बांधली आणि रिक्षा केली. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हणाले, शेजारणीकडे जिन्यावरून पडली. पटकन. अडखळलेसुद्धा नाही. परत येताना रिक्षात आमूकडून तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा तिनं नीट म्हटलं तेव्हा मी तिला शाबास म्हणाले. शाबास!

आता मी मार्कर हातात घेतला की ती अंगठा मुठीत लपवते.

नजमाभाभीनं सिदूच्या झटक्याच्या वेळी त्याला अनवाणी धावत दवाखान्यात नेलं होतं. मी चाकणला होते. ती नसती तर काय झालं असतं कोण जाणे. आणि मी त्याच बाईचं नाव घेतलं, कारण जवळचं तेच होतं. मला आरशात बघवत नाही.

रविराजला काही माहीत नाही. आता तुला माहीत आहे.

वर्षाली


रेणापूर
२६ फेब्रुवारी २०२५

वर्षाली,

वाचलं. तुला बरं वाटावं असं काहीतरी लिहायला दोन दिवस कागद घेऊन बसले, सुचलं नाही. तेव्हा जे आहे ते लिहिते.

मारलंस, ते वाईट. पण पोरीच्या तोंडात खोटं घालून तिला साक्षीला उभं केलंस, ते मला जास्त लागलं. तिनं तुझं ओझं हलकं करायला मार्कर घेतला, आणि तू आणखी एक ओझं तिच्या डोक्यावर ठेवलंस.

मी तरी कुठली शहाणी? तीस वर्षं लेकरांना सांगितलं, आधी बघा, मग बोला. आणि न पाहिलेल्या बाईविरुद्ध रविराजला पेटवून दिलं. मलाही मान खाली घालावी लागली. सोबत नजमुन्निसासाठी चिठ्ठी आहे. पाकीट फोडू नकोस, ते माझं आणि तिचं.

आधी नवऱ्याला सांग. मग खाली जा, आमूचा हात धरून जा. जिच्यासमोर खोटं बोललं गेलं तिच्यासमोरच ते मागे घेतलं जायला हवं, आणि आमूनं ते बघायला हवं. मग त्या वरच्या मजल्यावरच्या दोघींकडे जा. नजमुन्निसानं माफ करावं म्हणून जाऊ नकोस. तिचं नाव तू खराब केलंस, ते तूच धुवायचं, म्हणून जा.

आणि डॉक्टरकडे जा. मनाच्या. नाक मुरडू नकोस. सिदूला ताप आला तेव्हा लाजलीस का? घरभर ठिपके द्यावे लागतात हा काही स्वभाव नाही, आजार आहे, आणि तो इतके दिवस एकटीनं अंगावर काढलास. मला तरी सांगायचंस गं.

मी सोळा मार्चला येतेय, वल्लभनगरच्या स्टँडवर घ्यायला ये. मुलं मी बघेन. ऐकू येत नाही, पण लेकरू रडलं तर दिसतं.

आत्या


कासारवाडी
९ मार्च २०२५

आत्या,

सांगितलं. सगळ्यांना.

गेल्या रविवारी सकाळी आधी रविराजला. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी तिच्या दारात काय काय बोललो, ते तुला ऐकू येत होतं ना? तू मागेच उभी होतीस." मी हो म्हणाले. तो उठून सरळ फारूकभाईंच्या गॅरेजवर गेला. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आठवडाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे. पण सकाळी मी निघायच्या आत घरी पोचता यावं म्हणून त्यानं शिफ्ट बदलून मागितली आहे.

दुपारी आमूला घेऊन खाली गेले. रोजे चालू झालेत, नजमाभाभी संध्याकाळसाठी फळं चिरत होती. मला बघून तिनं सुरी खाली ठेवली. मी तोंड उघडलं. इतके दिवस मनात पाठ केलं होतं सगळं, एक शब्द आठवेल तर शपथ. तेवढ्यात आमूनं माझा हात सोडला. दोन्ही हात मागे बांधले आणि म्हणाली, "मी जिन्यावरून पडले. नजमाखालाकडे. आईनं मारलं नाही."

शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं, आत्या.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. आमूला म्हणाले, "बाळा, आईनं मारलं. तू पडली नाहीस. खालाकडे तर तू नव्हतीसच. आई खोटं बोलली आणि तुलाही बोलायला लावलं." नजमाभाभीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं, वर्षाली. पण मी पुढं बोलले असते तर सगळ्यांसमोर पोरीला खोटारडी ठरवावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं." आणि मग म्हणाली, "तुला मात्र जमलं." तुझी चिठ्ठी तिनं उभ्यानंच वाचली, घडी करून डब्याखाली ठेवली. मुलं परत पाठवू का, हे मी विचारलं नाही. पाठव, असं तीही म्हणाली नाही. आमूला तेवढी केळ्याची एक फोड दिली.

वरच्या मजल्यावरच्या एकीनं दुसऱ्या दिवशी आपलं मूल परत नजमाभाभीकडे पाठवलं. दुसरी म्हणाली, "आम्हाला तुमच्या भानगडीत पडायचं नाही," आणि दार लावलं. तिच्याकडे पुन्हा जाणार आहे. आता जिन्यात मी दिसले की बायका बोलायच्या थांबतात. थांबू देत. इतके दिवस नजमाभाभी आली की थांबायच्या.

आणि हो, गेले मनाच्या डॉक्टरकडे. कुणी ओळखू नये म्हणून ओढणी नाकापर्यंत ओढून रांगेत बसले. शेजारीही एक तशीच ओढणी घेतलेली बाई. नंबर पुकारला तेव्हा उठली, तर आमच्या रुपाली मॅडम! त्यांनीही मला ओळखलं. मग त्या म्हणाल्या, "सव्वा वर्ष झालं मला. गॅसवरून हसले ते विसर गं." डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्यात आणि दर आठवड्याला बोलावलंय. म्हणाल्या, वेळ लागेल. मार्कर कंपनीत परत ठेवला. काल एकदा जिन्यातून परत वर गेले गॅस बघायला. एकदाच.

आज दुपारी मी आणि आमू शेंगा फोडत बसलो होतो. तू म्हणाली होतीस दहा दिवस बस, मी चाळीस दिवस बसलेय. सिदू टरफलांत लोळत होता. बऱ्याच वेळानं आमू म्हणाली, "आई, तू खालाला खरं सांगितलंस ना?"

"हो."

"मग आता मी पण सांगू?"

"सांग."

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला खूप लागलं होतं."

वर्षाली